सैनिक कुटुंबाचे दूर पल्ल्याचे स्थलांतर : खर्च, हक्क आणि काटकसर

प्रस्तावना

भारतीय सैन्यदलातील नोकरी ही बदलीची नोकरी आहे. दोन ते तीन वर्षांच्या अंतराने सैनिकाची नेमणूक बदलते आणि शांतता क्षेत्रातील नेमणूक असेल तर त्याच्याबरोबर कुटुंबाचेही बिऱ्हाड हलते. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. साताऱ्यातील अपशिंगे या गावाला तर ‘मिलिटरी’ हे उपपदच लागले आहे. बेळगाव येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने दक्षिण महाराष्ट्र व सीमाभागातील अनेक घरांत पठाणकोट, जोधपूर, तेजपूर, जोरहाट ही नावे नात्यातल्या गावांसारखी उच्चारली जातात. सैनिकाचे शौर्य, निवृत्तिवेतन व पुनर्वसन या विषयांवर मराठीत बरेच लेखन झाले आहे. मात्र दर दोन-तीन वर्षांनी उभा संसार खोक्यांत भरून हजारो किलोमीटर नेण्याचा आर्थिक भार या कुटुंबावर किती पडतो, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात शासनाकडून मिळणारे बदली-भत्ते, त्यांच्या मर्यादा आणि त्या मर्यादेत राहून खर्च आटोक्यात ठेवण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘बदलीचा खर्च सरकार देते’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. सरकार अंतराचा व वजनाचा खर्च देते. नव्या गावी घर मिळेपर्यंतचे भाडे, अनामत रक्कम, मुलांचे गणवेश, फुटलेली भांडी, बंद पडलेले शीतकपाट आणि पत्नीची सुटलेली नोकरी यांसाठी स्वतंत्र रकाना नाही. काटकसरीचा खरा प्रश्न या दोहोंमधील दरीत आहे.

हक्काची रक्कम व तिचे गणित

सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत बदलीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेचे तीन मुख्य भाग आहेत. पहिला भाग सैनिक व कुटुंबीय यांच्या प्रवासभाड्याचा. दुसरा एकत्रित बदली अनुदानाचा. हे अनुदान मागील महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के असते, आणि अंदमान-निकोबार वा लक्षद्वीप येथे जाताना किंवा तेथून परतताना ते १०० टक्के होते. तिसरा भाग घरगुती सामानाच्या वाहतुकीचा असून तो पदाच्या वेतनस्तरावर अवलंबून आहे. स्तर ६ व त्यावरील कर्मचाऱ्यास ६,००० किलो, स्तर ५ ला ३,००० किलो आणि स्तर ४ व त्याखालील कर्मचाऱ्यास १,५०० किलो सामान नेता येते. रस्त्याने वाहतुकीचा दर अनुक्रमे प्रति किलोमीटर ५०, २५ व १५ रुपये ठरविण्यात आला होता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत अशी तरतूद होती व जानेवारी २०२४ मध्ये तो टप्पा गाठला गेला. त्यानुसार दर ६२.५०, ३१.२५ व १८.७५ रुपये होतात. आठव्या वेतन आयोगाची स्थापना २०२५ मध्ये झालेली असल्याने या आकड्यांत पुढे बदल संभवतो.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. पुण्याहून आसाममधील एखाद्या छावणीपर्यंतचे रस्त्याचे अंतर सुमारे २,८०० किलोमीटर धरले, तर नाईक पदावरील (स्तर ४) सैनिकास सामानासाठी कमाल ५२,५०० रुपये मिळू शकतात. हवालदारास (स्तर ५) ही मर्यादा ८७,५०० रुपये व नायब सुभेदारास (स्तर ६) १,७५,००० रुपये इतकी होते. नाईकाचे मूळ वेतन २९,६०० रुपये असेल तर त्याचे बदली अनुदान २३,६८० रुपये होईल. म्हणजे सामान व अनुदान मिळून सुमारे ७६ हजार. नाईक व नायब सुभेदार यांच्या मूळ वेतनात दुपटीचाही फरक नसतो, परंतु सामानाच्या मर्यादेत तिपटीहून अधिक फरक पडतो. दोघांच्याही घरी दोन मुले, एक शीतकपाट व एक धुलाईयंत्र असू शकते. त्यामुळे काटकसरीची गरज वरच्या पदापेक्षा खालच्या पदावर अधिक तीव्र आहे, हे लक्षात घेऊनच पुढील विवेचन वाचावे.

सामानाच्या वाहतुकीची रक्कम ही कमाल मर्यादा असून ती प्रत्यक्ष पावत्या सादर केल्यावरच मिळते, तर बदली अनुदान एकरकमी असते. याचा व्यावहारिक परिणाम असा की वाहतुकीत वाचलेला रुपया सरकारचा वाचतो. आवेष्टन, हमाली, वाटेतील मुक्काम व किरकोळ दुरुस्ती यांत वाचलेला रुपया मात्र कुटुंबाच्या हाती राहतो. म्हणून स्वस्तातला मालट्रक शोधण्यासाठी दिवसभर घालविणाऱ्या, पण बांधणीचे काम चढ्या दराने बाहेर देणाऱ्या कुटुंबाने आपले श्रम चुकीच्या जागी लावलेले असतात. अर्थात वाहतुकीचा खर्च मर्यादेपलीकडे जात असेल, आणि खालच्या पदांवर तो पुष्कळदा जातो, तर तेथेही प्रत्येक रुपया स्वतःचाच असतो. आपण मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहोत, हे आधी मांडून पाहणे ही काटकसरीची पहिली पायरी होय.

दाव्याच्या कागदपत्रांबाबतची हयगय महागात पडते. केंद्र सरकारने २०१८ साली प्रवासभत्त्याचा दावा सादर करण्याची मुदत एक वर्षावरून ६० दिवसांवर आणली. नव्या गावी घर लावण्यात, शाळा शोधण्यात साठ दिवस सहज उलटतात. भूदलाच्या अधिकाऱ्यांचे दावे पुण्यातील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (अधिकारी) यांच्या कार्यालयात, तर अन्य हुद्द्यांचे त्यांच्या संबंधित वेतन-लेखा कार्यालयांमार्फत तपासले जातात. बिल्टी, ट्रकचा क्रमांक, वजनाची चिठ्ठी, रक्कम दिल्याचा पुरावा व बदलीचा आदेश यांत मेळ नसेल तर दावा परत येतो. प्रवासापूर्वी अग्रिम उचललेला असल्यास तो वेतनातून वळता होण्याची टांगती तलवार राहते. हे सर्व कागद सामानाच्या खोक्यात न भरता हातातील पिशवीत ठेवावेत, ही सूचना साधी वाटेल. परंतु सामान पोहोचण्यास पंधरवडा लागतो तेव्हा तिचे मोल कळते. वाढीव रकमेच्या खोट्या पावत्या पुरविणारे काही वाहतूकदार छावण्यांच्या आसपास असतात. त्या मोहात पडणे म्हणजे काही हजारांसाठी संपूर्ण सेवा व निवृत्तिवेतन पणाला लावणे आहे.

काय न्यावे, काय सोडावे

दूरच्या स्थलांतरातील सर्वांत मोठी बचत मालट्रक येण्यापूर्वी होते. विवाहितांसाठीच्या शासकीय निवासस्थानात पलंग, टेबल, खुर्च्या, कपाट यांसारखे फर्निचर मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडून नाममात्र भाड्याने मिळते. असे असता जड लाकडी पलंग दोन हजार किलोमीटर वाहून नेण्यात शहाणपण नाही. जुन्या सैनिक कुटुंबांनी यावर स्वतःची एक रीत शोधून काढली आहे. हुद्दा, नाव व तुकडी रंगविलेल्या काळ्या ट्रंका आणि प्लायवूडच्या पेट्या सुताराकडून एकदाच मापाने करून घेतल्या जातात. नव्या घरी त्याच पेट्या भिंतीला लावून, त्यांवर गाद्या व चादरी पसरून बैठक तयार होते. पेटी रिकामी करण्याचा, साठविण्याचा व पुन्हा विकत घेण्याचा तिन्ही खर्च त्यामुळे टळतो. बांधणी करणाऱ्या कंपन्या दर खेपेस नवा पुठ्ठा व फुगेदार प्लास्टिक यांचे पैसे लावतात. एका पेटीची किंमत त्या हिशेबाने दोन बदल्यांत वसूल होते.

हवामानाचा विचार न करता नेलेली वस्तू हा निव्वळ बोजा ठरतो. जोधपूर वा बिकानेरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर चालणारा कूलर उपयोगी पडतो. तोच कूलर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील दमट हवेत जवळजवळ निरुपयोगी असतो. उलट दिशेने, आसामातून वाळवंटात जाणाऱ्याने वेताचे फर्निचर नेले तर ते कोरड्या हवेत तडकू शकते. गाद्या, उशा, प्लास्टिकचे पिंप, कुंड्या यांना वजन फार नसले तरी त्या ट्रकमधील जागा व्यापतात, आणि भाडे बहुधा जागेवर ठरते. घरगुती गॅसची जोडणी एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे परत करून, अनामतीची नोंद असलेले व्हाउचर घेऊन जाता येते. भरलेले सिलिंडर सामानात लपवून नेण्याचा प्रकार बेकायदेशीर असून सर्व सामानाला आगीचा धोका निर्माण करणारा आहे.

शीतकपाट, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंबाबत एक साधा हिशेब करावा. वस्तूची आजची विक्रीयोग्य किंमत, तिच्या वाट्याचे भाडे, मोडतोडीची शक्यता व नव्या गावी कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटच्या भांडारातून मिळणाऱ्या नव्या वस्तूची किंमत यांची तुलना केली, तर आठ-दहा वर्षे जुनी वस्तू विकून जाणेच बहुधा सोयीचे ठरते. मात्र विक्री घाईत होता कामा नये. छावणीत एकाच महिन्यात अनेक कुटुंबे निघतात, सर्वांच्याच वस्तू विक्रीस येतात व भाव पडतो.

मालट्रक, हंगाम आणि परतीचा माल

सैन्यातील बदल्यांचा मोठा भाग शैक्षणिक वर्ष संपल्यावर, मार्च ते जून या काळात होतो. याच काळात वाहतुकीचे दर चढतात. बदलीची तारीख कुटुंबाच्या हाती नसते. पण सामानाची तारीख काही अंशी असते. केंद्रीय नियमांनुसार कुटुंब सैनिकाच्या बदलीच्या एक महिना अगोदर किंवा बदलीनंतर सहा महिन्यांपर्यंत प्रवास करू शकते. नव्या गावी शासकीय निवासस्थान उपलब्ध नसल्याने कुटुंब मागे ठेवावे लागले, तर त्यांना आणण्यासाठीच्या जादा जा-ये भाड्याचीही तरतूद आहे. या सवलतीचा उपयोग पुष्कळ कुटुंबे करीत नाहीत. निवासस्थानाची प्रतीक्षायादी लांब असताना सर्व सामान घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला खासगी घराची अनामत, दलाली आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा स्थानिक वाहतूक असा दुहेरी खर्च सोसावा लागतो. या दुसऱ्या हलवाहलवीसाठी पूर्ण बदली अनुदान पुन्हा मिळत नाही.

ट्रकभाड्याचे अर्थशास्त्र परतीच्या मालावर अवलंबून असते. ज्या मार्गावर ट्रकला येताना भरपूर माल मिळतो, त्या मार्गावर जाण्याचे भाडे कमी असते. ईशान्येकडे जाणाऱ्या ट्रकला परतताना माल मिळण्याची खात्री नसल्याने जाण्याच्या भाड्यातच परतीचा काही खर्च धरलेला असतो. यावर दोन उपाय दिसतात. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन कुटुंबांनी एक ट्रक वाटून घेणे हा पहिला. यात दोन्ही सामानांच्या याद्या, वजने व बिल्ट्या स्वतंत्र असणे आवश्यक आहे, अन्यथा दोघांचेही दावे अडकतात. दुसरा उपाय रेल्वेचा आहे. दुचाकी रेल्वेच्या पार्सलने पाठविताना पेट्रोलची टाकी रिकामी करून, गोणपाटाने नीट बांधून, नोंदणी पुस्तकाची प्रत जोडावी लागते. थेट गाडी असेल तर ही सोय स्वस्त व सुरक्षित असते. वाटेत गाडी बदलणारे पार्सल मात्र फलाटावर दिवसेंदिवस पडून राहू शकते. प्रवाशाबरोबरच्या मोफत सामानाची मर्यादाही विसरली जाते. वातानुकूलित द्वितीय श्रेणीत ती प्रत्येकी ५० किलो, तर तृतीय वातानुकूलित व शयनयान श्रेणीत प्रत्येकी ४० किलो आहे. चौघांच्या कुटुंबासाठी हे दीड क्विंटलांहून अधिक भरते, आणि कपडे, पुस्तके, भांडी यांचा मोठा भाग त्यात बसू शकतो.

नुकसान झाल्यास

काटकसरीच्या नावाखाली विमा टाळला जातो, आणि येथेच सर्वाधिक तोटा होतो. १८६५ चा जुना वाहतूकदार कायदा रद्द करून संसदेने ‘रस्ता वाहतूक अधिनियम, २००७’ संमत केला व तो २०११ पासून लागू झाला. त्याखालील नियमांनुसार, पाठविणाऱ्याने मालाची अधिक किंमत जाहीर केलेली नसल्यास, वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. भाडे ५०,००० रुपये असेल तर ही मर्यादा वरकरणी मोठी दिसते. परंतु नुकसान सिद्ध करण्यासाठी वस्तूंची यादी, त्यांच्या किमती व माल घेताना नोंदविलेली तक्रार लागते. दावा करण्यापूर्वी वाहतूकदारास द्यावयाच्या लेखी नोटिशीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांची मुदत आहे. ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असलेली बिल्टी न वाचता स्वीकारणे आणि माल उतरवून घेताना कोऱ्या पोचपावतीवर सही करणे या दोन सवयींमुळे कायद्याने दिलेले संरक्षण व्यवहारात निरर्थक होते. सामान भरण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घेण्यास पैसा लागत नाही.

अत्यल्प दर सांगून सामान ताब्यात घेणे व नंतर वाढीव रक्कम दिल्याशिवाय ते न सोडणे, असे फसवणुकीचे प्रकारही घडतात. नामांकित कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव धारण करणे ही त्यातील नेहमीची युक्ती होय. रुजू होण्याची तारीख ठरलेली असल्याने सैनिक वादासाठी थांबू शकत नाही, आणि हे फसविणाऱ्यास ठाऊक असते. तीन ठिकाणांहून लेखी दर घेणे, आगाऊ रक्कम कमीत कमी देणे व तुकडीतील आधी गेलेल्या कुटुंबाकडे चौकशी करणे यांस पर्याय नाही.

वाहन नोंदणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे पुनर्नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून कराचा परतावा असे तीन टप्पे असतात. त्यांतील तिसरा टप्पा इतका क्लिष्ट आहे की अनेक जण परताव्यावर पाणी सोडतात. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ नोंदणीमालिकेने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. संरक्षण दलांतील कर्मचारी तीस पात्र आहेत. या मालिकेत पंधरा वर्षांचा कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरला जातो आणि राज्य बदलल्यावर पुनर्नोंदणी लागत नाही. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आधी नोंदविलेले वाहनही या मालिकेत आणण्याचा मार्ग खुला झाला. बदलीच्या नोकरीत असणाऱ्याने नवे वाहन घेताना हा पर्याय न निवडणे म्हणजे प्रत्येक राज्यसीमेवर पुन्हा खर्च ओढवून घेणे आहे.

शिक्षण आणि पत्नीचे उत्पन्न

१९६३ साली सुरू झालेली केंद्रीय विद्यालये व १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या आर्मी पब्लिक स्कूल यांमुळे सैनिकांच्या मुलांना देशभर जवळपास समान अभ्यासक्रम मिळतो. आर्थिक दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण शिक्षण मंडळ बदलले की पुस्तके, गणवेश व शिकवणी असा सर्व खर्च नव्याने होतो. बालशिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून दोन अपत्यांपर्यंत दरमहा प्रत्येकी २,८१२.५० रुपये व वसतिगृह अनुदान ८,४३७.५० रुपये आहे. दहावी-बारावीच्या वर्षात कुटुंब हलविण्याऐवजी अपत्यास वसतिगृहात ठेवणे किंवा कुटुंबाने मागे राहणे, या दोहोंची तुलना करताना हे अनुदान हिशेबात धरावे.

महाविद्यालयीन स्तरावर मात्र अशी देशव्यापी व्यवस्था नाही. शाळा सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र व नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र यांपैकी एक कागद उशिरा मिळाला तरी सैनिकाच्या मुलीचे, किंवा स्वतः शिकणाऱ्या पत्नीचे, एक वर्ष जाते. २०२१ पासून अस्तित्वात आलेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत श्रेयांक जमा होत असले तरी ते स्वीकारायचे की नाही हे नव्या संस्थेवर अवलंबून राहते. महाविद्यालयाच्या कार्यालयात चार दिवस पडून राहणारा अर्ज हा या कुटुंबाच्या खर्चाचाच एक भाग असतो.

सर्वांत मोठा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारी शिक्षिका परराज्यातील छावणीत बदली घेऊ शकत नाही, कारण तिची नेमणूक जिल्ह्याच्या संवर्गातील असते. अंगणवाडी सेविकेसाठी तर स्थानिक रहिवास हीच अट आहे. दरमहा वीस हजार रुपये मिळविणाऱ्या पत्नीने नोकरी सोडली तर तीन वर्षांच्या एका नेमणुकीत सात लाख वीस हजार रुपयांचे उत्पन्न बुडते. वर दिलेल्या नाईकाच्या उदाहरणातील सामान व अनुदानाची सर्व रक्कम मिळूनही ती याच्या नवव्या हिश्शाइतकी होत नाही. म्हणून ‘कुटुंब न्यावे की ठेवावे’ हा निर्णय ट्रकच्या भाड्यावरून घेणे योग्य नाही. एकत्र राहण्याचे मोल पैशात मोजता येत नाही हे खरे. परंतु किती पैसे देऊन ते विकत घेतले जात आहे, हे पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. प्रत्यक्षात हा हिशेब बहुधा पत्नी एकटीच मनात करते.

अखेरचे स्थलांतर

निवृत्तीच्या वेळी सैनिक जेथे स्थायिक होणार असेल तेथपर्यंतचा प्रवास, सामानाची वाहतूक व बदली अनुदान यांचा हक्क त्यास मिळतो. केंद्रीय सेवेत या दाव्याची मुदत २०२१ पासून १८० दिवस आहे. कनिष्ठ पदावरून निवृत्त होणाऱ्या सैनिकाचे वय बहुधा चाळिशीच्या आतबाहेर असते, मुले शाळेत असतात व गावचे घर वर्षानुवर्षे बंद किंवा भावकीच्या वापरात असते. काही जण प्रथम पुण्यात वा कोल्हापुरात भाड्याने राहतात आणि नंतर गावी जातात. दावा मात्र एकाच ठिकाणचा व एकदाच करता येतो. त्यामुळे कुटुंब कोठे राहणार, याचा निर्णय निवृत्तीच्या आदेशापूर्वी वर्षभर आधी झालेला बरा. गावच्या घराची दुरुस्ती, वीजजोडणी व मुलांचा शाळाप्रवेश ही कामे सैनिकाच्या शेवटच्या वार्षिक रजेत उरकली, तर सामानाचा ट्रक एकदाच भरावा व एकदाच उतरवावा लागतो.